कोयंडा उचकटल्यानंतर

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी दागिने व रोख रक्कम लंपास केली.’ साताऱ्या-सांगलीचं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानावर हे वाक्य भेटतंच. पुढे फिर्याद कुणी दिली, किती तोळं गेलं आणि कोणते हवालदार तपास करताहेत एवढं येतं. बातमी संपते, आणि ज्याचं घर फुटलं तो माणूसही तिथेच संपतो. टोळी सापडली तर महिन्या-दोन महिन्यांनी एक फोटो येतो. टेबलावर मांडलेलं सोनं, मागे उभे अधिकारी आणि तोंडावर काळे बुरखे चढवलेले चोर. फिर्यादी त्या फोटोत नसतो.

चोराच्या बाबतीत मात्र आपल्या मुलखानं जगाला धडा दिलाय. १९३९ साली औंध संस्थानानं आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसवलं. जन्मठेपेचे कैदी, पण भिंत नाही आणि बेडी नाही. बायकापोरांना आणायचं, शेती करायची, शब्दावर राहायचं. मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची ही कल्पना. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली, राजपुत्र अप्पासाहेब तिच्या मागे उभे राहिले. त्याच वर्षी संस्थानानं महात्मा गांधींच्या सल्ल्यानं राज्यघटना स्वीकारली आणि सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली. पुढे माणदेशातल्याच ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. वसाहत आजही कारागृह खात्याकडे चालू आहे.

मला त्या वसाहतीचा अभिमान आहे आणि ती बंद करा असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. गुन्हा केलेल्या माणसाची जबाबदारी सरकारची आहे, हे ज्या मातीनं ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ठणकावून सांगितलं, त्या मातीत घर फुटलेल्या माणसाची जबाबदारी आजही कुणाची नाही. कैद्याला पुन्हा उभं करायला खातं आहे, अधिकारी आहेत, तरतूद आहे. फिर्यादीच्या वाट्याला आहे तो एक कागद आणि ‘काही कळलं की फोन करतो’ हे आश्वासन.

या भागात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथली कित्येक घरं वर्षातला बराच काळ बंद असतात. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि इकडे खटाव-माणचा काही भाग म्हणजे गलाईवाल्यांचा मुलूख. दुष्काळाला कंटाळून बाहेर पडलेल्या या माणसांनी केरळ-तामिळनाडूपासून बंगाल-पंजाबपर्यंत सोनं-चांदी आटवायची दुकानं थाटली. गावात दोन मजली बंगला बांधला, फरशी बसवली, देवघर केलं आणि किल्ली म्हाताऱ्या आईच्या कंबरेला लावून कुटुंब परत परमुलखात गेलं. बंगला उघडतो तो यात्रेला, लग्नाला नाहीतर दिवाळीला. कुठल्या घरात कोण नाही हे गावाला ठाऊक असतं, तसं चोरालाही असतं.

मग घर फुटतं आणि गाव जमतं. पहिला प्रश्न ऐका. ‘एवढं सोनं घरात ठेवायचंच कशाला?’ दुसरा, ‘साधं कुलूप लावलं होतं व्हय?’ तिसरा जरा दबक्या आवाजात, ‘घरातलंच कोण नसंल ना?’ पोलीस येतात आणि विचारतात, ‘पावत्या आहेत का?’ आजेसासूनं सुनेला आणि सुनेनं नातसुनेला दिलेल्या पुतळ्यांच्या माळेची पावती कुठून आणायची? मग फिर्यादीत तोळ्याचा भाव असा काहीतरी पडतो, की वाचणाऱ्याला वाटावं चोरी वीस वर्षांपूर्वी झाली. गेलेला माल कागदावर निम्मा होतो. कागदावर निम्मा झालेला माल उद्या न्यायालयातही निम्माच असतो, विमा कंपनीकडेही निम्माच.

चोरी ज्यानं केली त्याला सोडून ज्याची झाली त्याच्यात खोट शोधायची ही खोड आपल्या घराघरात आहे. पोलिसांच्या निवेदनात तीच वेगळ्या शब्दांत येते. ‘नागरिकांनी मौल्यवान ऐवज घरी ठेवू नये. परगावी जाताना शेजाऱ्यांना व पोलीस ठाण्याला कळवावं.’ सूचना रास्त आहे. पण लहान गावात बँकेचं लॉकर रिकामं मिळतं का, हे सूचना लिहिणाऱ्यानं एकदा पाहावं. ज्याला लॉकर मिळालं त्याची गोष्ट निराळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२२ पासून बँकेत चोरी, घरफोडी झाली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँक देणं लागते. ज्याला लॉकर मिळालं नाही आणि कपाट फुटलं, त्याला शून्य.

औंधच्या पूर्वेला एका वाडीवर घरफोडी झालेल्या घरी गेलो होतो. मुलगा-सून तामिळनाडूत, घरात एकटी आजी. चोरी झाली त्या रात्री ती रानातल्या वस्तीवर होती. लोखंडी कपाटाचं दार वाकलेलं होतं. धान्याच्या कणग्या उपसून ज्वारी पुन्हा भरलेली, पण फरशीच्या फटीत दाणे अजून होते. कपाटाच्या दारावर, आरशावर आणि देवघराच्या चौकटीवर ठसेवाल्यांनी मारलेली काळी पूड तशीच होती. चोरीला कित्येक दिवस उलटले होते. मी विचारलं, आजी, हे पुसलं नाही? ती म्हणाली, ‘सायबानी सांगितलं व्हतं, हात लावू नगा. आता पुसलं तर चालतंय का, कुनाला इचारू?’

हे वाक्य मला सोनं गेल्यापेक्षा जास्त लागलं. ठसे घेऊन झाले होते, आता पुसा, एवढं सांगायलाही कुणी परत आलं नव्हतं. पुसलं तर पुरावा जाईल आणि सोनं मिळणार नाही, या भीतीनं ती देवघराच्या चौकटीला फडकं लावत नव्हती. पूजा करायची ती हात आत न लावता, लांबून फूल टाकून. रात्री झोपायला शेजारची नात येत होती. दारामागं आतून खाट ओढून ठेवलेली. ‘मानूस आला तर खाट वाजंल,’ ती म्हणाली. सोन्याबद्दल ती फार बोललीच नाही. बोलली ते लुगड्यांबद्दल. ट्रंकेतली लुगडी उलटीपालटी करून टाकली होती, त्यांवर कुणाचेतरी पाय पडले होते. ती सगळी तिनं धुऊन काढली होती आणि तरी नेसत नव्हती.

मालापेक्षा घर विटाळल्याचं दुःख मोठं असतं, हे कळायला शास्त्र लागत नाही. पण शास्त्रही तेच सांगतं. माइक मॅग्वायर या अभ्यासकानं १९८२ साली इंग्लंडातल्या घरफोड्यांवर पुस्तक लिहिलं. घरं फुटलेल्या माणसांना त्यानं विचारलं, सगळ्यांत वाईट काय वाटलं? माल गेल्याचं, असं म्हणणाऱ्यांपेक्षा परका माणूस घरात शिरल्याचं, असं म्हणणारे जास्त निघाले. त्याआधीच, १९७४ साली ब्रिस्टल शहरात एक काम सुरू झालं होतं. पोलीस पीडितांची नावं द्यायचे आणि शिकवून तयार केलेले साधे स्वयंसेवक त्यांच्या घरी जायचे. चहा घ्यायचे, ऐकायचे, कुलूपवाला गाठून द्यायचे, विम्याचा अर्ज भरून द्यायचे. सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे येणाऱ्यांत घरफोडीवालेच मोठ्या संख्येनं होते. त्यातून देशभर पसरलेली यंत्रणा उभी राहिली. त्याच इंग्लंडात पुढे काटकसरीच्या नावाखाली घरफोडीला पोलीस जाईनासे झाले, ओरड झाली, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात तिथल्या पोलीसप्रमुखांना जाहीर करावं लागलं की यापुढे प्रत्येक घरफोडीला आमचा माणूस घरी जाईल. म्हणजे ही गोष्ट एकदा मिळवली की कायमची राहत नाही, तिच्यासाठी भांडत राहावं लागतं.

आणखी एक गोष्ट तिथे शिकण्यासारखी घडली. रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वस्तीत ऐंशीच्या दशकात घरफोड्यांचा सुळसुळाट होता. अभ्यासकांनी नोंदी चाळल्या तर दिसलं, एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. चोराला वाट माहीत झालेली असते, नवी वस्तू आली असेल असा त्याचा हिशेब असतो. मग त्यांनी सगळा जोर फुटलेल्या घरांवरच लावला. दारं-खिडक्या मजबूत केल्या, आजूबाजूच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं, नाणी टाकायचे विजेचे मीटर काढले. घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या. पीडिताला सांभाळणं हाच पुढचा गुन्हा टाळायचा सगळ्यांत स्वस्त उपाय ठरला. आपल्याकडे नेमकं उलट होतं. पंचनामा झाला की त्या घराकडे पोलिसांची पाठ. मोडलेला कोयंडा दोरीनं बांधलेला, आणि आत एकटी आजी.

कायदा काहीच म्हणत नाही असं नाही. गेल्या काही वर्षांत कायद्यानं पीडिताकडे मान वळवली आहे, हे कबूल करायला हवं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय न्याय संहितेच्या ३३१ व्या कलमात रात्रीच्या घरफोडीला, चोरीचा हेतू असेल तर, चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती जुन्या कायद्यातही होती. खरी नवी गोष्ट आहे नागरिक सुरक्षा संहितेत. फिर्यादीची प्रत फिर्यादीला आधीही फुकट मिळायची, आता ती पीडितालाही द्यायची. तपास कुठवर आला हे पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं, मोबाइलवरून कळवलं तरी चालेल. हे पोलिसांच्या मर्जीवर सोडलेलं नाही, १९३ व्या कलमानं बंधन घातलंय.

आता सांगा, आपल्या ओळखीत ज्यांचं घर फुटलं त्यांतल्या किती जणांना असा निरोप आला? मी विचारत असतो. लोक म्हणतात, आम्हीच गेलो ठाण्यात, साहेब बंदोबस्ताला गेले होते. परत गेलो तर साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगा. दोन-चार खेपांनंतर माणूस जायचा थांबतो, आणि मग एक दिवस तपास बंद होतो. पोलिसी भाषेत त्याला ‘अ समरी’ म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. तपास बंद करताना फिर्यादीला नोटीस देऊन न्यायालयानं त्याचं म्हणणं ऐकायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. गावाकडच्या फिर्यादीला या नोटिशीचा अर्थ कोण समजावणार? बरेच जण सही करतात आणि चुलीमागच्या फळीवर ठेवून देतात.

माल सापडला तरी सुटका नाही. देशात चोरीला गेलेल्या मालापैकी बराच मोठा हिस्सा कधी सापडतच नाही. जो सापडतो त्यात डोरलं डोरल्याच्या रूपात क्वचितच असतं, ते आटवून त्याची लगड झालेली असते. गलाईवाल्यांच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको. तरी लगड तर लगड, ती तरी लवकर हातात यावी. सुंदरभाई अंबालाल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली स्पष्ट सांगितलं होतं, की जप्त माल पोलीस ठाण्यात पंधरा दिवस, फार तर महिनाभर ठेवा. सोन्याचे फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि मालकाला देऊन टाका. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ व्या कलमानं यादी करायला चौदा दिवसांची मुदत घातली, फोटो आणि गरज पडल्यास चित्रीकरण करायला सांगितलं, त्यानंतर तीस दिवसांत मालाचा निर्णय करायला लावला. इतकं असूनही सोनं मुद्देमालाच्या खोलीत पडून राहतं आणि मालक वकिलाची फी भरून अर्जावर अर्ज करत राहतो.

आणि परत द्यायची वेळ आलीच तर कार्यक्रम! मंडप, हार, सत्कार, भाषण. ज्याचं घर फुटलं त्याला स्टेजवर बोलवायचं, हातात दागिन्यांची पिशवी द्यायची, फोटो काढायचा आणि नाव-गावासह छापायला पाठवायचं. कुणाच्या घरी किती सोनं आलं हे आख्ख्या जिल्ह्याला सांगायची काय गरज आहे? पोलिसांच्या कष्टाचं कौतुक व्हायलाच हवं, स्थानिक गुन्हे शाखेची पोरं रात्ररात्र जागून टोळ्या पकडतात, त्यांचा सत्कार जरूर करा. पण फिर्यादीला त्यात उभं करू नका. त्याचं सोनं त्याच्या घरी, किंवा ठाण्यातल्या खोलीत दार लावून त्याच्या हाती द्या.

पैशाचं काय? बिबट्यानं शेळी नेली तर वनखातं पंचनामा करून भरपाई देतं. गारपिटीनं द्राक्षं गेली तर तलाठी बांधावर येतो. घर फुटलं तर कुणी येत नाही. कायद्यानं ‘पीडित’ कुणाला म्हणावं हे लिहिताना इजा आणि नुकसान दोन्ही धरली आहेत, म्हणजे घरफोडी झालेला माणूस कायद्याच्या लेखी पीडितच. पण २०१४ साली महाराष्ट्रानं पीडितांसाठी भरपाई योजना काढली ती मृत्यू, बलात्कार, ॲसिड हल्ला, अपंगत्व यांसाठी. तिथे पैसा आधी गेलाच पाहिजे, त्यात वाद नाही. मी गेलेल्या सोन्याची किंमत सरकारकडे मागत नाही. मागतो ते मोडलेलं दार बसवायचे, नवा कोयंडा लावायचे आणि एकट्या म्हातारीला चार रात्री सोबत मिळवून द्यायचे पैसे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला ही रक्कम जड नाही. एका मंडपाच्या भाड्यात कित्येक कोयंडे येतील.

आपल्या मुलखात याहून कडक रीत होती. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात तिचं वर्णन आहे. चोरी झाली की रखवालदारानं चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि माग पुढच्या गावाच्या हवाली करायचा. ज्या गावात माग हरवला त्यानं भरपाई द्यायची, आधी रखवालदारानं आणि त्याला न झेपलं तर गावानं. व्यवहारात ती पुरती वसूल होत नसे, आणि गरीब रखवालदारावर सगळा भार टाकणं हा अन्यायच होता. तो परत आणायला नको. पण एका घरची चोरी ही साऱ्या गावाची बाब आहे, हा विचार त्यात होता. तो आपण टाकून दिला आणि हाती राहिलं ते ‘एवढं सोनं ठेवायचंच कशाला?’ ग्रामसुरक्षा यंत्रणेचा एक फोन आज साऱ्या गावाच्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो, चोर आले म्हणून गाव जागं होतं. चोर गेल्यावर त्याच घरी दुसऱ्या दिवशी चार माणसं पाठवायला तोच फोन का वापरू नये?

एक गोष्ट इथे बजावून सांगायला हवी, कारण पीडिताचं नाव घेऊन भलतंच केलं जातं. चोरी झाली की पारध्यांच्या पालावर धाड टाकायची जुनी सवय आहे. गुन्हेगार जमातींचा १८७१ पासूनचा कायदा १९५२ साली रद्द झाला, सवय मोडली नाही. आणि २०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीत काय झालं ते विसरता येत नाही. लुटीच्या संशयावरून पकडलेला तरुण कोठडीत मेला, प्रेत आंबोलीत नेऊन जाळलं गेलं, आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. फिर्यादीला हे नको होतं. कुणालातरी झोडपलं म्हणजे फिर्यादीला न्याय मिळाला, असं समजणाऱ्यांनी एकदा फिर्यादीला विचारावं. त्याला खरा चोर हवा असतो, त्याची वस्तू हवी असते, आणि रात्री झोप हवी असते.

म्हणून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांकडे माझी साधी मागणी आहे. घरफोडीनंतर आठ दिवसांनी बीट अंमलदारानं त्या घरी पुन्हा जावं आणि तशी नोंद डायरीत करावी. ठशांची पूड पुसायला हरकत नाही हे सांगावं. दार नीट बसलं का ते पाहावं. शेजारच्या दोन घरांशी बोलून यावं. नव्वद दिवसांचा निरोप मराठीत जावा, वाचता येत नसेल तर फोन करून, आणि काही सापडलं नसेल तर ‘सापडलं नाही’ असं स्वच्छ सांगून. फिर्यादीत तोळ्याचा भाव त्या दिवशीचा लिहावा. यासाठी नवा कायदा नको, मुंबईची परवानगी नको. आटपाडीच्या माळावर जन्मठेपेच्या कैद्याला त्याच्या शब्दावर मोकळं ठेवायला औंधच्या राजानं कुणाची वाट पाहिली नव्हती. त्या वाडीवरच्या आजीकडे एक हवालदार पाठवायला या दोन जिल्ह्यांनी तरी कुणाची वाट का पाहावी?